कोठीतला शेर

परवा फोनवर तुम्ही दोघं तक्रार करत होतात. घरातल्या सगळ्यांचे फोटो ठेवलेला तुमचा तो काळा डबा म्हणे सारखा नाहीसा होतो. डबा जागेवर असतो, त्याचा दिवाही लागलेला असतो, पण तुमच्या कॉम्प्युटरवर तो दिसेनासा होतो आणि थोड्या वेळाने आपला आपण परत येतो. ‘आजी, शेअर ड्रॉप होतो,’ असं धाकटा म्हणाला आणि मला इतकं हसू आलं की फोन बाजूला धरावा लागला. तुमची आई तिकडून म्हणाली, ‘आई, तुला अक्का आठवली ना?’

आठवलीच. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुमच्या डब्याचं काय बिघडलं आहे ते मला सांगता येणार नाही, पण आमच्या डब्याचं काय बिघडलं होतं ते सांगते.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडची. जळगावात आमचं स्लॅबचं साधं घर होतं. खाली तीन खोल्या, वर गच्ची आणि गच्चीवर एक सुटी खोली. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमची आई तेव्हा नुकती पदवीधर झाली होती आणि तिने गच्चीवरच्या खोलीत लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं असं सगळं कॉम्प्युटरवर जुळवून द्यायचं काम सुरू केलं होतं. ती ते छापखान्याला द्यायची आणि छापखाना छापायचा. वर दोन कॉम्प्युटर होते. एकावर ती बसायची, दुसऱ्यावर सकाळच्या वेळी तिची एक मैत्रीण.

तिसरा कॉम्प्युटर खाली होता, आमच्या मधल्या खोलीत. त्याच्यासमोर कोणी बसायचं नाही. त्याच्या पोटात मोठी डिस्क होती आणि सगळं काम तिथे साठवलेलं असायचं. गणपतीची चित्रं, वेलबुट्टीच्या चौकटी, जुन्या पत्रिका, सगळं. वरच्या दोन्ही कॉम्प्युटरनी हवं ते तिथून घ्यायचं आणि काम झालं की तिथेच ठेवायचं. दिवसभर चालू राहणारं यंत्र वरच्या खोलीत उन्हाळ्यात टिकलं नसतं म्हणून ते खाली, गारव्याला ठेवलेलं. त्याच्यापासून एक काळी केबल खिडकीतून बाहेर निघायची, भिंतीवरून वर चढायची, गच्चीच्या कडेने लोळत जायची आणि वरच्या खोलीच्या खिडकीतून आत शिरायची. केबल पुरली नाही म्हणून गच्चीवर दोन तुकडे एका पितळी सांध्याने जोडले होते. तो सांधा लक्षात ठेवा.

या खालच्या कॉम्प्युटरला घरात नाव पडलं होतं कोठी. नाव अक्कांनी दिलं. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या आईची आजी. त्या शिंदखेड्याकडच्या, आयुष्यभर अहिराणी बोलल्या. कॉम्प्युटर पहिल्यांदा घरात आला तेव्हा त्यांनी विचारलं, हा काय करतो? तुमच्या आईने सांगितलं, हा काही करत नाही, यात फक्त भरून ठेवायचं आणि लागेल तसं काढायचं. ‘म्हंजे कोठी शे,’ अक्का म्हणाल्या. ज्वारीची पत्र्याची कोठी त्याच खोलीत दोन हातांवर उभी होती. मग एक धान्याची कोठी आणि एक पत्रिकांची कोठी. तुमचं आजचं शास्त्र त्याला जे म्हणत असेल ते म्हणो, त्याहून नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही.

हिवाळाभर कोठी बिनतक्रार चालली. चैत्र लागला, लग्नसराई सुरू झाली, वर पत्रिकांची रांग लागली, आणि नेमकं तेव्हा कोठीला काहीतरी झालं. सकाळी ठीक. दुपारची जेवणं आटोपून सगळे जरा पडले की वरून तुमच्या आईचा आवाज यायचा, ‘आई, शेअर पडला!’

शेअर म्हणजे कोठीतला जो भाग सगळ्यांना वाटून वापरायला उघडा ठेवलेला असतो तो, असं तिने मला समजावलं होतं. तुमच्या आजोबांना समजावलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, ‘कोणत्या कंपनीचा?’

‘आबा, कंपनीचा नाही हो. आपल्या कोठीतला शेअर.’

अक्का गच्चीवरून ओरडल्या, ‘कोठीमधला शेर पडना? मंग उचली ले ना! दाना सांडना का?’

अक्कांच्या लेखी शेर म्हणजे धान्य मोजायचं माप. तो कोठीतच असतो आणि हातातून निसटला की पडतो. त्यात ओरडण्यासारखं काय आहे हे त्यांना कळेना. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशीही हसलो. नंतर तुमची आई हसेनाशी झाली.

कारण कोठी गेली की नुसतं थांबावं लागायचं असं नव्हतं. फाइल ठेवता ठेवता कोठी गेली की ती अर्धवट राहायची, उघडायची नाही. एका दुपारी एका मोठ्या घरच्या पत्रिकेचं सगळं काम गेलं. निमंत्रकांची नावं, काका, मामा, आत्या, कुणाच्या नावाआधी श्री. आणि कुणाच्या नावाआधी कै., हे सगळं तिला पुन्हा टाइप करावं लागलं. लग्नपत्रिकेत एक काका राहिला तर खानदेशात काय होतं ते तुम्हाला माहीत नाही. त्या काकाच्या पुढच्या पिढ्याही ते विसरत नाहीत.

आणि तिच्यापुढे एक मुदत होती. धुळ्याला माझ्या भावाने, म्हणजे तिच्या मामाने, एका महाविद्यालयाच्या कार्यालयात तिच्यासाठी कारकुनाच्या जागेचं बोलून ठेवलं होतं. तुमचे आजोबा सरळ माणूस. त्यांना मुलीने काम करू नये असं वाटत नव्हतं, पण भरवशाचं करावं असं वाटत होतं. त्यांनी तिला सांगितलं, ‘आखाजीपर्यंत तुझं हे धड चाललं तर वरची खोली तुझी. नाही तर आखाजी झाली की मामाकडे धुळ्याला जायचं आणि कामावर रुजू व्हायचं. मग रडारड नको.’ आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे ती दिवाळीइतकीच मोठी, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात. ‘बाकीच्यांच्या मुली आखाजीला माहेरी येतात आणि मी आखाजीला माहेरातून जाणार,’ असं ती मला म्हणाली. चेष्टेतच म्हणाली, पण डोळे चेष्टेचे नव्हते.

मला स्वतःला काय हवं होतं? तिने तिथेच, त्या खोलीत, स्वतःच्या मनाने काम करावं हे. धुळ्याची नोकरी वाईट नव्हती. पण मी तिला त्या खोलीत बसलेलं पाहिलं होतं. एक शिरोरेघ जरा वर, एक वेल जरा आत, असं करत ती तासन्‌तास रमायची आणि खाली जेवायला येताना गुणगुणत यायची.

शाळेला सुट्टी लागली होती. मी ठरवलं, आपण हे नीट लावून बघायचं. मुलांना मी वाक्याचं पृथक्करण शिकवायचे. मोठं वाक्य समोर आलं की घाबरायचं नाही, एकेक तुकडा वेगळा काढायचा, कर्ता कोण, क्रियापद कोणतं. इथेही तसंच करू म्हटलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं आहे तसं ठेवायचं.

पहिला संशय उन्हावर. हिवाळ्यात हे होत नव्हतं आणि आता दुपारीच होतं, म्हणजे यंत्र तापत असणार. मधल्या खोलीच्या खिडकीला ओलं गोणपाट लावलं. कोठीवर टेबलफॅन सोडला. खोली इतकी गार झाली की आजोबा तिथेच येऊन झोपायला लागले. कोठी तरी जायचीच.

दुसरा संशय कूलरवर. वरच्या खोलीच्या खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर होता. तो सुरू झाला की दिवे जरा मंद व्हायचे. म्हटलं, विजेचा दाब पडतो आहे. एका दुपारी तुमच्या आईला कूलर बंद ठेवून बसायला लावलं. ती घामाने निथळत बसली आणि काय आश्चर्य, कोठी गेली नाही! अख्खी दुपार नीट चालली. सापडलं, असं मी मोठ्या समाधानाने जाहीर केलं. दुसऱ्या दिवशीही कूलर बंद ठेवला आणि कोठी नेहमीच्या वेळेला गेली.

आता या दोन दिवसांत फरक काय, हे मी कितीतरी वेळ शोधत होते. फरक होता, पण तो मला दिसला नाही, कारण मी यंत्रांकडे बघत होते. पहिल्या दिवशी कूलर बंद केल्यावर अक्का चिडून खाली निघून आल्या होत्या. ‘कूलर कसाले बंद करा? आठे तं भट्टी व्हई गयी!’ म्हणजे इथे तर भट्टी झाली. दुसऱ्या दिवशी त्या डोक्याला ओला पंचा बांधून वरच बसल्या.

अक्का वर काय करत होत्या, ते सांगायला हवं. चैत्र-वैशाखात आमच्याकडे बिबड्या घालतात. ज्वारी भिजवून, दळून, लसूण, तीळ, मिरची घालून त्याचा घाटा शिजवायचा आणि ओल्या कापडावर हाताने पातळ पसरायचा. वाळल्या की वर्षभर भाजून, तळून खायच्या. सकाळी गच्चीवर आम्ही सगळ्या मिळून घालायचो. दुपारी त्या वाळत पडलेल्या असताना कावळे येतात. म्हणून अक्का जेवण झालं की हातात काठी घेऊन वर जायच्या आणि वरच्या खोलीच्या सावलीत, कूलरच्या अगदी शेजारी, सुतळीची बाज टाकून राखण करत बसायच्या. कूलरच्या ओल्या ताट्यांचा गारवा त्यांना लागायचा. जवळ पाण्याचा तांब्या. एखादी अर्धी ओली बिबडी मधेच तोंडात. त्या वेळी त्यांच्याइतकं सुखी माणूस जळगावात नसेल.

विजेच्या दाबाचा माझा संशय पुरता गेला नव्हता. आजोबांनी कुरकुरत कोठीसाठी वेगळा स्टॅबिलायझर आणला. त्याची घरघर सुरू झाली, आणि कोठी तरी जायचीच. मग भुसावळहून एका माणसाला बोलावलं. तो तिथल्या एका कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळायचा आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं करायचा. गोरा, उंच, बोलका, स्वतःवर खूश. तो भर दुपारी आला. बाहेर त्याच्या मोटारसायकलचा आवाज झाला, दाराची कडी वाजली, आणि आमच्या घरात पाहुणा आला की जे व्हायचं ते झालं. अक्का काठी टेकत खाली उतरल्या आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

‘कोना पोर शे रे भाऊ तू? कोनता गावना?’

त्याने सांगितलं. अक्कांनी त्याच्या आजोळचं गाव काढलं, त्या गावातलं एक घर काढलं, त्या घरातली एक बाई काढली आणि ती अक्कांच्याच चुलत नणंदेच्या नात्यात निघाली. तोपर्यंत चहा झाला. मग त्याने कोठीचं झाकण उघडलं, आतली एक पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या, परत बसवली. वर जाऊन बघितलं. कोठी दिसत होती. ‘मळ बसला होता, बाई. आता काही होणार नाही.’ तो गेला. अक्का काठी घेऊन वर गेल्या. वरून आवाज आला, ‘आई, शेअर पडला!’

पुन्हा बोलावलं. या वेळी त्याने केबलच्या टोकाला असते ती छोटी टोपी बदलली. कोठी आली. तो गेला, कोठी गेली. तिसऱ्या वेळी त्याने काही उघडायच्या आतच वरून तुमची आई ओरडली, ‘आली!’ तो हात जोडून म्हणाला, ‘बाई, माझा पायगुणच असा दिसतोय. मी नुसता उंबऱ्यात आलो तरी चालू होते.’

‘ह्या पोरना पायगुन चांगला शे,’ अक्का म्हणाल्या. ‘त्याले घरजावईच करी ल्या. कोठी बी चालीन आनि आपली पोर बी धुळाले जावाव नही.’

तो लाजला. तुमची आई जिन्यात उभी राहून हे ऐकत होती. ती अशी पाय आपटत वर गेली की छताची पोपडी पडली. (घाबरू नका, तो तुमचा बाबा नव्हे.)

आखाजी अगदी तोंडावर आली. एका दुपारी कोठीने पुन्हा एक पत्रिका अर्धवट खाल्ली. तुमची आई खाली आली. रडली वगैरे नाही. मला म्हणाली, ‘आई, मामाला फोन कर. सांग, मी येते. लोकांच्या लग्नाच्या पत्रिका आहेत, त्यांच्याशी मी असा खेळ नाही करू शकत.’ तुमचे आजोबा तिथेच होते. जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर नव्हता. ‘उद्या करू फोन,’ एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नशिराबादहून तुमच्या आजोबांचे एक लांबचे भाऊ आले. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. आखाजीच्या आधी ते दरवर्षी कैऱ्यांचं पोतं घेऊन यायचे. वर तुमची आई उरलेल्या पत्रिका फ्लॉपीवर उतरवून घेत होती, म्हणजे ज्याच्या त्याला देऊन मोकळं होता येईल. थोड्याच वेळापूर्वी तिचा आवाज आला होता, आता अगदी थकलेला, ‘गेली पुन्हा.’ नाना दारात पोतं टेकवून हाक मारतात तोच अक्का काठी टेकत खाली. ‘ये रे नाना, बस. कैऱ्या बठ्ठ्या पाडी लयना का झाडन्या?’ बठ्ठ्या म्हणजे सगळ्या.

‘बठ्ठ्या कशा, अक्का? तुन्हासाठे एक फांदी ठेवेल शे,’ नाना म्हणाले.

मी त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन येत होते. वरून आवाज आला, ‘आई! आली बघ कोठी!’

मी तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले. नानांना कॉम्प्युटरचं काही माहीत नव्हतं. ते अजून चपलाही काढत होते. भुसावळच्या माणसाचा पायगुण एक वेळ मानला, पण नानांचाही? म्हणजे पायगुण कोणा एकाचा नाही. पाहुणा कोणीही असो, तो आला की कोठी येते. मग पाहुणा आला की आपल्या घरात बदलतं काय? एका वेळी एकच गोष्ट. दार उघडतं. चहा ठेवला जातो. आणि अक्का खाली येतात.

अक्का खाली येतात.

मी तांब्या नानांच्या हातात दिला आणि जिना चढले. माझं वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास, आणि जिन्यावर धावायची मला सवय नव्हती. गच्चीवर ऊन नुसतं पेटलं होतं. बिबड्या वाळत होत्या, दोन कावळे टाकीवर बसून संधी बघत होते. कूलरशेजारी अक्कांची बाज रिकामी. मी वाकून बघितलं. केबल बाजेच्या एका पायाखालून गेली होती, आणि पाय टेकला होता तो बरोबर त्या पितळी सांध्याच्या कडेला.

मी बाजेवर बसले.

आतून आवाज आला, ‘गेली!’

मी उठले.

‘आई, आली!’

मी पुन्हा बसले. ‘गेली!’ उठले. ‘अगं, काय चाललंय हे?’ म्हणत तुमची आई दारात आली आणि तिने मला बघितलं. शाळेतली शिस्तीची बाई, पदर कमरेला खोचलेला, भर उन्हात बाजेवर बसते आहे आणि उठते आहे. तिला वाटलं मला ऊन लागलं. मी बाजेच्या पायाकडे बोट दाखवलं. ती खाली बसली, सांध्याला हात लावला, माझ्याकडे बघितलं आणि मग गच्चीवर मांडी घालून जी हसायला लागली ती थांबेना.

तेवढ्यात जिन्यातून अक्का वर आल्या. पाहुण्याला सोडून सून वर का धावली, हे बघायला. मी अजून बाजेवर अर्धी बसलेली, अर्धी उठलेली.

‘काय व्हयनं माय? उठाबशा काढी राहिनी का? कोन्ही शिक्षा दिनी?’

आता मला प्रश्न पडला. सांगायचं कसं? या बाईने मला किती सांभाळून घेतलं होतं ते मला माहीत होतं. मी धुळ्याहून लग्न होऊन आले तेव्हा इंग्रजी शिकलेली सून म्हणून नातेवाइकांत कुजबुज होती. मला शाळेत नोकरी मिळाली तेव्हा घरात सगळे गप्प बसले आणि अक्काच म्हणाल्या होत्या, भाकरी मी करते, तिला जाऊ द्या. मी शाळेतून येईपर्यंत तुमच्या आईला त्यांनीच वाढवलं. आणि आता त्यांना सांगायचं की नातीचं काम बुडवत होता ते तुम्ही?

मला बोलावं लागलं नाही. अक्कांनी माझ्याकडे बघितलं, बाजेकडे बघितलं, नातीच्या हातातल्या केबलकडे बघितलं. खूप हुशार बाई होती.

‘वारामा उडी राहिनी व्हती ती,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘रोज बिबड्यासवर पडे. तुटी जाईन म्हनीसन मीच तिले बाजना पाय खाले दाबी ठेवी. पोरना कामनी शे ना ती?’

म्हणजे केबल सांभाळायला म्हणून त्यांनी ती पायाखाली घेतली होती. त्या बसल्या की पाय दबायचा, सांध्याच्या आतली तार सुटायची. त्या उठल्या की परत टेकायची. आणि पाहुणा आल्यावर वर बसून राहणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं, म्हणून भुसावळच्या माणसाला बिघाड कधी दिसलाच नाही. आमच्या घरची पाहुणचाराची पद्धतच अशी की दुरुस्ती करायला आलेल्याला दुरुस्त करायला काही उरतच नव्हतं.

अक्कांनी बाजेचा पाय काठीने टोचून बघितला. मग म्हणाल्या, ‘मंग रोजना शेर मीच पाडा का?’

तुमच्या आईने त्यांच्या गळ्यात हात टाकले. ‘तूच गं अक्का. पण उचलायला तूच यायचीस ना रोज.’

टाकीवरच्या कावळ्यांनी तेवढ्यात दोन बिबड्या नेल्या. अक्का काठी घेऊन त्यांच्यामागे धावल्या आणि केबलचा विषय सोडून कावळ्यांच्या सात पिढ्या काढल्या. त्यामुळे सगळ्यांनाच बरं वाटलं.

खाली येऊन मी तुमच्या आजोबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फोन जवळच होता, धुळ्याचा नंबर काढून ठेवलेला. ‘म्हणजे यंत्रात काही खोट नव्हती?’ त्यांनी विचारलं.

‘नव्हती. आणि तिच्या कामातही नव्हती.’

ते नानांना म्हणाले, ‘चल रे, जरा बाजारात जाऊन येऊ.’ दोघं भर उन्हात टोप्या घालून बाहेर पडले. मला वाटलं, रागावले की काय. तासाभराने परत आले तेव्हा आजोबांच्या पिशवीत केबल भिंतीला ठोकायच्या पांढऱ्या क्लिपा होत्या, लहान खिळे होते आणि एक नवा सांधा. ऊन उतरल्यावर ते स्वतः हातोडी घेऊन गच्चीवर गेले. नानांनी केबल ताणून धरली, आजोबांनी ती गच्चीच्या कठड्याला वीतभर अंतरावर एकेक क्लिप ठोकत पार खिडकीपर्यंत नेली. कुणाच्या पायाखाली येणार नाही, वाऱ्याने उडणार नाही. ‘दोन महिन्यांसाठी असती तर दोरीने बांधली असती,’ ते खिळा ठोकता ठोकता म्हणाले, कुणाकडेही न बघता. तुमची आई खिडकीत उभी होती. ती आत गेली आणि अर्धवट राहिलेली पत्रिका तिने पुन्हा उघडली. धुळ्याला फोन मग मीच केला. भाऊ म्हणाला, बरं झालं, पण आखाजीला तरी पाठव. मी म्हटलं, आखाजीला ती माहेरीच राहणार आहे.

त्या आखाजीला आमच्या निंबाला झोका बांधला. पुरणाच्या मांड्यांबरोबर ताज्या बिबड्या तळल्या. अक्कांची बाज पुन्हा कूलरशेजारीच, त्यांच्या जागेवर. ती हलवायची नाही, असा आजोबांचा हुकूम होता.

वरची खोली तिच्याकडे तिच्या लग्नापर्यंत राहिली. कोठी नंतरही अधूनमधून जायचीच, नाही असं नाही. कधी वीज, कधी उंदीर, कधी कोठीचं स्वतःचंच काही. पण घरात एक पद्धत पडून गेली. कोठी गेली की तुमची आई कशालाही हात लावायच्या आधी खिडकीतून ओरडायची, ‘अक्का, कुठे बसलीस?’

आणि खालून, चुलीजवळून किंवा ओट्यावरून, अक्का ठणकावून सांगायच्या, ‘मी आठे खाले शे! दुसरं देखा!’